विसार दिल्यापासून खरेदीखत होईपर्यंत

पत्र : "तीन वर्षांत चार व्यवहारांत हात घातला. दोन फ्लॅट घेऊन भाड्याने दिले, एक जुनं घर दुरुस्त करून विकलं. चौथ्यात विसार दिला, नंतर किंमत थोडी कमी करून मागितली, त्यातच कर्ज वेळेत झालं नाही आणि व्यवहार मोडला. तेव्हापासून दलाल चांगली मालमत्ता मला सगळ्यांत शेवटी दाखवतात. चुलतभाऊ पैसे घालायला तयार होता. 'विकलेल्या घराचा हिशोब दाखव' म्हणाला, मी तोंडी सांगितला, तर विषयच बदलला त्याने. वेबसाइट काढू का? जाहिरात करू का? या धंद्यात विश्वासाचा माणूस म्हणून नाव होतं तरी कसं?"

वेबसाइटचं शेवटी बघू. दलाल का टाळतात आणि भाऊ गप्प का झाला, ही दोन्ही कारणं तुम्ही स्वतःच लिहिली आहेत. एक मोडलेला व्यवहार आणि एक तोंडी हिशोब.

मालमत्तेच्या धंद्यात नाव म्हणजे तुमच्याबद्दल दुसऱ्याला बांधता येणारा अंदाज. हा बोलला तेवढेच पैसे देतो का, बोलला त्या तारखेला देतो का, आणि काही बिनसलं तर ते याच्याच तोंडून आधी कळतं का? मालक, दलाल, मिस्त्री, भाडेकरू, पैसे घालणारा, सगळे एवढंच बघतात. यातली सर्वांत जास्त पडझड होते ती विसार दिल्यापासून खरेदीखत होईपर्यंतच्या दिवसांत. म्हणून सुरुवात तिथून.

विसारानंतर किंमत कमी करून मागणारे दोन प्रकारचे असतात. एक मुद्दाम करतो : बाकीच्या गिऱ्हाइकांना हटवण्यासाठी मोठा आकडा बोलतो आणि मालकाने दुसरीकडे शब्द दिला, सामान बांधलं, की पिळतो. दुसरा अंदाजाने विसार देऊन बसतो आणि गणित नंतर मांडतो. तुम्ही बहुधा दुसरे. पण दलालाला हा फरक दिसत नाही. त्याच्या लेखी दोघांनीही त्याला मालकासमोर खोटं पाडलेलं असतं.

तेव्हा गणित विसाराआधी, आणि उलट्या दिशेने मांडा. समजा दुरुस्तीनंतर घर १०० ला विकलं जाईल. हा १०० चा आकडा जाहिरातीतल्या मागण्यांवरून घ्यायचा नाही. त्याच भागात, साधारण त्याच आकाराच्या घरांचे गेल्या सहा महिन्यांत नोंदवलेले किमान तीन व्यवहार बघून घ्यायचा. दुरुस्ती १८. दुरुस्तीच्या १५ टक्के अकल्पित खर्चाला, म्हणजे साधारण ३. जुनी, कागदपत्रं नसलेली इमारत असेल तर १५ च्या जागी २० टक्के धरा. खरेदी आणि विक्रीचा कागदोपत्री खर्च, दलाली, कर मिळून ९. सहा महिन्यांचं व्याज, विमा, देखभाल ५. तुमचा नफा १२. उरले ५३. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण क्रम हाच. मालक ६० म्हणत असेल तर त्याच बैठकीत सांगा, "माझ्या हिशोबात ५३ च्या वर बसत नाही, तुम्हाला दुसरा कुणी जास्त देत असेल तर जरूर द्या." घर हातचं जाईल. पण वर्षभराने त्याच मालकाच्या शेजाऱ्याला घर विकायचं असलं, तर ५३ म्हणणारा माणूस आठवतो. ६० म्हणून ५३ देणारासुद्धा आठवतो म्हणा, पण वेगळ्या कारणासाठी.

दुरुस्तीचे १८ आले कुठून, हा पुढचा प्रश्न. एका चक्करेत ते कळत नाही. घर दोनदा बघा, त्यातली एक फेरी पाऊस पडून गेल्यावर, आणि शक्यतो मिस्त्रीला बरोबर घेऊन. वरच्या मजल्यावरचे नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब बघा. छताचे कोपरे, बाथरूमच्या मागची भिंत, खिडक्यांखालचा भाग इथे ओल शोधा. ताजा रंग एकाच भिंतीला दिलेला दिसला तर तिथे जास्त वेळ थांबा. भेगांचं ढोबळ मोजमाप असं : एक मिलिमीटरच्या आतली भेग बहुतेक वेळा प्लास्टरची असते. पाच मिलिमीटरहून रुंद असेल, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वर जाताना रुंदावत असेल, तर इमारतीचा पाया किंवा सांगाडा तपासणाऱ्या इंजिनिअरला बोलावल्याशिवाय आकडाच बोलू नका. विजेच्या वायरिंगचं वय विचारा. फ्यूजचा जुना बोर्ड आणि भिंतीत पुरलेल्या लोखंडी पाइपलाइनी दिसल्या तर दोन्ही बदलण्याचा खर्च आधीच धरा, नंतर 'सापडलं' म्हणू नका. उघड दिसणारी गोष्ट विसारानंतर सापडली, हे कुणालाही पटत नाही.

खरोखर लपलेलं काही निघालं तर? तेव्हा किंमत पुन्हा बोलायला हरकत नाही, फक्त पद्धत हवी. विसार पावतीतच तपासणीची मुदत लिहून घ्या, १० ते १४ दिवस पुरतात. त्या मुदतीतच मुद्दा काढा. इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि दोन वेगवेगळ्या ठेकेदारांचे अंदाज मालकाच्या हातात द्या, त्याच्या प्रती त्याच्याकडेच राहू द्या. व्यवहार मोडला तरी त्याला त्या उपयोगी पडतील. दुरुस्ती ४ ची असेल तर ४ च मागा, त्या निमित्ताने ७ नको. आणि त्याच्यापुढे तीन वाटा ठेवा : तो दुरुस्त करून देतो, किंमत तेवढी उतरते, किंवा विसार परत देऊन दोघंही मोकळे. अशा रीतीने कमी झालेल्या किमतीबद्दल दलाल कुरकुर करत नाहीत. उलट 'हा कागद घेऊन बोलतो' असं सांगतात.

आता कर्जाचं. तत्त्वतः मंजुरीचं पत्र हातात असलं की बरेच जण निर्धास्त होतात, आणि व्यवहार नेमके इथेच मोडतात. ते पत्र तुमच्या उत्पन्नावर मिळालेलं असतं. मालमत्तेची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन त्यानंतर होतं, आणि बँकेचा मूल्यांकनकार किंमत कमी धरू शकतो. वरच्याच उदाहरणात बँक ७५ टक्के देणार असेल तर ५३ वर तुम्ही ३९.७५ चं कर्ज आणि १३.२५ स्वतःचे असं धरून चालता. मूल्यांकन ४८ आलं तर कर्ज ३६ वर येतं आणि खिशातून १७ घालावे लागतात. मधले ३.७५ कुठून येणार, हे विसार देण्याच्या दिवशी माहीत हवं. नसेल माहीत, तर 'कर्ज अमुक रकमेपर्यंत, अमुक तारखेपर्यंत मंजूर न झाल्यास विसार परत' ही अट पावतीत घाला आणि मालकाला ती वाचून दाखवा. अट ऐकून त्याने नाही म्हटलं, तर तेही त्या दिवशीच कळलेलं बरं.

तारखेबाबत एक साधी सवय लावा. काम ४५ दिवसांत होईल असं वाटतं तिथे ६० लिहा, आणि दर सोमवारी मालकाला दोन ओळी पाठवा : शोध अहवाल (मालकी हक्काच्या जुन्या नोंदींची तपासणी) आला, बँकेचा माणूस गुरुवारी येतोय, मसुदा वकिलाकडे आहे. काही हललं नसेल तर 'या आठवड्यात काही हललं नाही, कारण हे' असं लिहा. ज्या आठवड्यात सांगण्यासारखं काही नसतं, नेमका त्याच आठवड्यात मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन उचलतो.

विकणारा अडचणीत असेल, म्हणजे कर्ज थकलेलं, घरात नुकताच मृत्यू झालेला, एकटी वयस्क व्यक्ती, तर आणखी एक पायरी जोडा. पहिल्या भेटीत सही घेऊ नका. मसुदा देऊन निदान ४८ तास जाऊ द्या आणि तुमच्या वकिलाव्यतिरिक्त स्वतःचा वकील घ्यायला सांगा. सगळे वारस सहीला हजर आहेत का, बघा. हे चांगुलपणापोटी करायचं असेल तर चांगलंच, पण धंद्याच्या बाजूनेही ते शहाणपणाचं आहे : घाईत घेतलेल्या सहीवर नंतर वाद घालायला परगावचा भाऊ किंवा मुलगी येते, आणि मग तुमचं नाव कोर्टाच्या कागदावर चढतं. घर स्वतः घेण्याऐवजी कराराचा हक्क तिसऱ्याला विकायचा विचार असेल तर तेही आधी सांगा आणि लिहून घ्या. आयत्या वेळी वेगळाच माणूस सहीला बसलेला पाहून मालकाला फसल्यासारखं वाटतं, भले पैसे पूर्ण मिळोत.

कागदावर एक किंमत आणि हातात दुसरी, असा प्रस्ताव केव्हातरी समोर येईलच. तो बेकायदा आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण नावाच्या दृष्टीने त्याचा एक तोटा सहसा कुणी बोलत नाही : असा व्यवहार तुम्ही पुढे कुणालाही दाखवू शकत नाही. हिशोब मागणाऱ्यासमोर खरा आकडा सांगितला तर गुन्हा कबूल होतो, कागदावरचा सांगितला तर खोटं बोलणं होतं.

यावरून तुमच्या भावाकडे येऊ. त्याने मागितला तो हिशोब एका तक्त्यात बसतो. तो आजच तयार करा, चारही व्यवहारांचा. प्रत्येक ओळीत खरेदीची तारीख आणि किंमत, दुरुस्तीचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च, लागतील असं वाटलेले दिवस आणि प्रत्यक्ष लागलेले, विक्रीची तारीख आणि किंमत किंवा मासिक भाडं, स्वतःचे पैसे किती, उसने किती, आणि सगळा खर्च, व्याज, कर वजा जाऊन हाती काय उरलं. मोडलेला व्यवहारही त्यात हवा : विसाराचं काय झालं, कुणाचं किती नुकसान झालं. अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन रकाने शेजारी शेजारी असणं महत्त्वाचं, कारण पैसे घालणारा खरं तर तेच तपासत असतो. नुसत्या नफ्यावर तो फार विसंबत नाही. दुरुस्ती दरवेळी ३० टक्क्यांनी वाढत असेल तर तुमच्या पुढच्या अंदाजात तो मनातल्या मनात ३० टक्के मिळवतो आणि निर्धास्त होतो. रकाना लपवलात तर काय मिळवायचं हे त्याला कळत नाही, आणि तो उठून जातो. प्रत्येक आकड्यामागे बिल किंवा दस्त जोडलेला असू द्या.

नफ्याच्या टक्क्यासोबत काळ नेहमी लिहा. १८ टक्के नफा सहा महिन्यांत झाला तर वर्षाच्या हिशोबाने तो ३६ पडतो, त्यालाच ११ महिने लागले तर २० च्या आत येतो. 'मी १८ टक्के काढले' हे वाक्य दोन्हीकडे खरंच, पण ऐकणाऱ्याला ते अर्धंच सांगतं.

भाऊ पैसे घालायला तयार झालाच, तर नात्यापेक्षा कागद पातळ ठेवू नका. पहिला प्रश्न : हे कर्ज आहे की भागीदारी? कर्ज असेल तर व्याज, मुदत, तारण आणि उशीर झाल्यास काय हे लिहा. भागीदारी असेल तर तोटा कोण किती सोसणार हे लिहा, कारण नफ्याची वाटणी सगळे लिहितात आणि तोट्याची राहून जाते. प्रत्येक मालमत्तेचं वेगळं बँक खातं काढा. एका घराच्या पैशातून दुसऱ्या घराच्या मिस्त्रीला 'आठवडाभरासाठी' देणं, ही या धंद्यातली सर्वांत मोठी घसरण. चोरीचा हेतू नसतो, पण दुसऱ्या घराची विक्री अडली की पहिलंही अडतं, आणि मग तिसऱ्याकडून घेतलेल्या पैशाने पहिल्याचं तोंड बंद करायची वेळ येते. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पोन्झी नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांचे पैसे फेडत होता, त्याचं तंत्र हेच होतं, फक्त त्याने ते जाणूनबुजून चालवलं.

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक पानाचा अहवाल पाठवा. सर्वांत वर वाईट बातमी, मग अंदाजाच्या तुलनेत झालेला खर्च, कामाचा टप्पा, खात्यातली शिल्लक, पुढच्या महिन्यात लागणारी रक्कम. परताव्याची हमी देऊ नका. आणि भावापलीकडे आणखी पाच-दहा जणांकडून पैसे गोळा करायचा विचार असेल, तर पहिल्या माणसाशी बोलण्याआधी वकिलाकडे जा. फक्त जमीनच विकतोय म्हणजे गुंतवणुकीचे नियम लागू नाहीत, असा समज सर्रास आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ साली हाउई खटल्यात तो खोडून काढला. फ्लोरिडातली ती कंपनी संत्र्यामोसंब्यांच्या बागेचे तुकडे विकत होती आणि सोबत बाग सांभाळण्याचा करार देत होती. घेणारा स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्याच्या कष्टावर नफ्याची अपेक्षा ठेवतो, म्हणजे हा रोख्यांचाच (शेअरसारख्या गुंतवणुकीच्या कागदांचा) व्यवहार, असं न्यायालयाने ठरवलं. इतर अनेक देशांतही सामूहिक गुंतवणुकीवर नियामकाची नजर असते. परवानगीशिवाय केलं तर प्रत्येकाचे पैसे वेळेत फेडूनही तुमच्यावर कारवाई होऊ शकते.

दलालांशी वागणं त्या मानाने सोपं आहे. तुम्हाला काय हवंय ते एका पानावर द्या : भाग, आकार, किमतीची मर्यादा, किती दुरुस्ती चालेल, काय अजिबात नको. त्यांनी मालमत्ता पाठवली की २४ तासांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर एका ओळीत कारण. नकाराचा त्यांना राग नसतो, टांगून ठेवण्याचा असतो. दलाली खरेदीखताच्याच दिवशी द्या आणि सहीच्या टेबलावर ती कमी करायला सांगू नका. मालकाशी परस्पर संधान बांधणं तर सोडाच.

ठेकेदाराच्या बाबतीत उधारीपेक्षा अनिश्चितता जास्त नडते. कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम आधी लिहा. आगाऊ १० ते २० टक्क्यांच्या वर नको, नाहीतर तुमच्या पैशातून त्याच्या मागच्या कामाचं सामान येतं. टप्पा मोजून झाला की सात दिवसांत पैसे द्या. ५ ते १० टक्के राखून ठेवा, उरलेल्या बारीकसारीक कामांची यादी पुरी होईपर्यंत, आणि ते कधी सुटणार ती तारीख करारातच घाला. जादा काम सांगितलं तर त्याची किंमत तिथल्या तिथे मेसेजवर पक्की करा. 'शेवटी बघू' या दोन शब्दांवरून जितकी भांडणं होतात तितकी दरावरून होत नाहीत.

घर विकताना तुम्ही दुसऱ्या बाजूला असता, आणि तिथे एक गोष्ट करणारे फार थोडे आहेत. भिंत बंद करण्याआधी वायरिंग आणि पाइपलाइनींचे तारखेसह फोटो काढा, सोबत मोजपट्टी धरून. बाथरूम आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून खालून ओल येते का बघा आणि त्याचीही नोंद ठेवा. हे फोटो, बिलं, वॉरंटी, परवानग्या आणि 'आम्हाला माहीत असलेले दोष' अशी एका पानाची यादी घेणाऱ्याच्या हातात द्या. दोष सांगितल्याने किंमत थोडी उतरते, हे खरं आहे. पण पहिल्या पावसात गळती निघाली आणि ती तुम्हाला आधीच ठाऊक होती असं दिसलं, तर जे जातं ते त्या फरकाहून बरंच मोठं असतं.

दोन भाडेकरूंची डिपॉझिटं तुम्ही कुठे ठेवली आहेत, हे पत्रात नाही. चालू खर्चात मिसळली असतील तर आधी वेगळी काढा. ते पैसे त्यांचे आहेत. घर ताब्यात देताना खोलीवार फोटो आणि मीटरचे आकडे दोघांच्या सहीने घ्या. सोडताना कपात करायची तर ओळीओळीने दाखवा, वापराने होणारी झीज वगळून. भिंतीच्या रंगाचं आयुष्य पाच वर्षं धरलं आणि भाडेकरू चार वर्षं राहिला, तर त्याने रंग खराब केला तरी खर्चाचा पाचवा भागच त्याच्याकडून घेता येतो. पूर्ण रंगकाम त्याच्या माथी मारणारा घरमालक लवकर प्रसिद्ध होतो.

वेबसाइट काढाच, पण ती नाव कमवायला नको. विसार घेण्याआधी मालक तुमचं नाव शोधून बघणार, तेव्हा त्याला काहीतरी खरं सापडावं एवढंच तिचं काम. खरं नाव, फोन, तुमच्याच घरांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि ज्यांची परवानगी आहे अशा दोन-तीन जुन्या विक्रेत्यांचा संदर्भ. 'खात्रीशीर परतावा' आणि उसने फोटो नकोत. जाहिरातीवर सध्या एक पैसाही घालू नका.

त्याआधी मोडलेल्या व्यवहाराच्या मालकाला भेटून या. फोनवर नको. कर्जाची तयारी अपुरी होती आणि किंमत नंतर बोललो ते चुकलं, एवढं म्हणा. बँकेने काय केलं, बाजार कसा होता, यातलं काही सांगू नका. तुमच्यामुळे त्याचे थेट काही पैसे गेले असतील, मसुद्याची फी, मालमत्ता अडकून पडल्याचं व्याज, तर आकडा विचारा आणि द्या. मग त्या दलालाकडे जा. आता किती कर्जाची मंजुरी हातात आहे आणि मूल्यांकन कमी आलं तर फरकाचे पैसे कुठे ठेवले आहेत, हे कागदासह दाखवा. त्याच्याकडे मोठं घर मागू नका. इतरांनी सोडलेली, छोटी, नफा बेताचा असलेली एखादी मालमत्ता मागा, आणि ती ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी, बोललेल्या किमतीला पुरी करा.